धूर कमी करा, पण कुणाची चूल विझवू नका

पेण आणि रोह्याच्या मित्रांनो, पोस्ट लांब आहे. विषय आपल्या रोजच्या प्रवासाचा आणि आपल्याच माणसांच्या पोटाचा आहे, म्हणून सवडीने का होईना, पूर्ण वाचा ही विनंती.

९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरच्या सुनावणीत राज्य सरकारला सांगितलं, की मुंबई महानगर प्रदेशातली पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि विजेवरची वाहनं ठेवता येतील का, याचा अभ्यास करा. लगेच २२ जानेवारीला सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. बातमी आली तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी "ते मुंबईचं आहे" म्हणून सोडून दिली.

पण ते फक्त मुंबईचं नाहीये. आपला पेण तालुका मुंबई महानगर प्रदेशाच्या हद्दीत येतो. 'तिसरी मुंबई' म्हणून जे नवं शहर आखलंय, त्यातही उरण-पनवेलसोबत पेणची गावं आहेत. रोहा तालुका मात्र हद्दीबाहेर. म्हणजे वडखळ आत आणि नागोठणे बाहेर! मधलं अंतर मिनीडोरने अर्ध्या तासाचंही नाही. उद्या नियम आला तर एकाच रस्त्यावर, एकाच गाडीला, दोन कायदे लागणार.

आधी माझं मत स्पष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. नियम कडक झाले पाहिजेत. धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर नकोत. २०१२ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग करतो असं जाहीर केलं. आणि तो धूर सगळ्यात जास्त कोण खातं? एसी गाडीत काच वर करून बसलेला नाही. मिनीडोरचा, टेम्पोचा, रिक्षाचा ड्रायव्हर खातो, दिवसाचे दहा-बारा तास. स्टँडवर नंबर लावून उभा असतो तेव्हाही खातो. म्हणून "गरिबाच्या पोटावर पाय येतो, सबब नियमच नको" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. हवा सगळ्यांची साफ होणार, मग बिल एकट्या ड्रायव्हरच्या नावाने का फाडायचं?

मागे एकदा नागोठण्याहून वडखळला येताना मिनीडोरमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. पंचावन्नच्या पुढचे मामा. विषय निघाला तेव्हा म्हणाले, "भाऊ, गाडी काढा म्हणतात ते चूक नाही. धूर मीच खातोय. पण काढून करायचं काय, ते कोण सांगत नाय." माझी सगळी पोस्ट खरं तर या एका वाक्यावर आहे.

हिशेब करून बघू

जुनी गाडी भंगारात द्या आणि नवी घ्या, असं सांगणं सोपं आहे. केंद्राचं वाहन भंगार धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात जुन्या गाडीची किंमत साधारण नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावी असं धरलंय. समजा नवी तीनचाकी तीन लाखांची. म्हणजे जुन्या गाडीचे हातात येणार १२ ते १८ हजार. वर व्यावसायिक गाडीला रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सूट.

उरलेले पैसे कुठून आणायचे? समजा अडीच लाखांचं कर्ज काढलं, १२ टक्के व्याजाने, चार वर्षांसाठी. हप्ता बसतो महिना साधारण साडेसहा हजार. महिन्याला २६ दिवस गाडी चालली तर रोजचे २५० रुपये फक्त हप्त्याला. इंधन वेगळं, विमा वेगळा, पासिंग वेगळं, घरखर्च तर वेगळाच. एक दिवस आजारी पडला, खाडा झाला, की दुसऱ्या दिवशीचा हप्ता ५०० चा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला १२ टक्क्यांनी बँक कर्ज देईल का, हा आणखी वेगळा प्रश्न. बँकेने नाही म्हटलं की तो खासगी फायनान्सकडे जातो आणि तिथलं व्याज काय असतं ते आपण जाणतो. शिल्लक पुंजी असेल म्हणावं तर २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली, त्यात या तालुक्यातल्या कितीतरी छोट्या माणसांची आयुष्याची कमाई अडकली.

आता दुसरी बाजू. गाडी बदलता येत नाही, तर आहे ती चालवू. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांच्या फिटनेसचे दर वाढवले. २० वर्षांपुढच्या ट्रक आणि बसला २५ हजार, तीनचाकीला ७ हजार. यामागचा हेतू उघड आहे, जुनी गाडी ठेवणं परवडू नये. ज्याच्याकडे नवी घ्यायला पैसे आहेत त्याच्या बाबतीत हे चालतं. ज्याच्याकडे नाहीत तो काय करतो? तो पासिंगला जायचंच टाळतो.

हे मी हवेत बोलत नाहीये. पासिंगला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये जादा शुल्क, हा केंद्राचा नियम. महाराष्ट्रात त्याची वसुली मे २०२४ मध्ये सुरू झाली. एका वर्षाच्या उशिराचे १८ हजार २५० रुपये होतात. ज्याची गाडीच विकून वीस-पंचवीस हजार यायचे, तो हे भरेल? राज्यभर रिक्षा, टॅक्सी, टेम्पोवाले रस्त्यावर उतरले आणि जुलैमध्ये सरकारला वसुली थांबवावी लागली. पण धडा लक्षात घ्या. दंड आवाक्याबाहेर गेला की गाडी तपासणीलाच येत नाही. तपासणीला न आलेल्या गाडीचा पंप बिघडलाय की नोझल खराब आहे, कोण बघणार? ती गाडी आडवाटेने, संध्याकाळनंतर चालत राहते आणि अजून जास्त धूर सोडते.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की ड्रायव्हरला न्याय देणं म्हणजे नियमाला खोडा घालणं नव्हे. न्याय दिला तरच नियम पाळला जातो. नाहीतर नियम कागदावर राहतो आणि धूर रस्त्यावर.

आपल्या जिल्ह्यातच उत्तर आहे

लांब जायला नको. आपल्या रायगडातलंच माथेरान घ्या. २००३ पासून ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. मोटारीला बंदी, अपवाद रुग्णवाहिकेचा. हवा स्वच्छ राहिली, पण त्या स्वच्छ हवेची किंमत कोणी मोजली? हातरिक्षा ओढणाऱ्यांनी. चढावर एक माणूस पुढे ओढतोय, दोघे मागून ढकलतायत आणि पर्यटक वर बसलाय, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या चाचणीला परवानगी मिळाली. मग पुढचा खरा प्रश्न आला, की या ई-रिक्षा कुणाला द्यायच्या? ज्याच्याकडे पैसा त्याला? न्यायालयाने सांगितलं, की ज्यांचा रोजगार जाणार त्या हातरिक्षावाल्यांनाच द्यायच्या. आणि ६ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने सहा महिन्यांत हातरिक्षा पूर्ण बंद करा असा आदेश दिला. सोबत हेही सांगितलं, की राज्याने ई-रिक्षा घेऊन या लोकांना भाड्याने चालवायला द्याव्यात, जसं गुजरातेत केवडियाला केलंय, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

त्याच निकालात १९८० च्या पंजाबच्या सायकलरिक्षावाल्यांच्या खटल्याची आठवण काढली गेली. तिथे कायदा असा होता की रिक्षा चालवणाऱ्याच्याच मालकीची हवी, नाहीतर परवाना नाही. हेतू चांगला, मालकाच्या जाचातून सुटका. पण ज्यांच्याकडे रिक्षा घ्यायला पैसेच नव्हते त्यांचं काय? न्यायालयाने नियम रद्द केला नाही. बँकेच्या कर्जाची योजना लावून दिली, म्हणजे ओढणाराच मालक होईल.

बघा, दोन्ही ठिकाणी नियम टिकला आणि माणूसही टिकला. कारण पर्याय कुणाला मिळणार आणि पैसे कोण देणार, हे नियमासोबतच ठरलं. माथेरानला आधी वर्षानुवर्षं दिरंगाई झाली, हेही खरं. पण तत्त्व रायगड जिल्ह्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या सहीने लागू झालेलं आहे. ते डोंगरावर लागू होतं, मग खाली पेणला आणि रोह्याला का नको?

दिल्लीचंही एक उदाहरण देतो. तिथे हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की बांधकामं बंद करतात. बिल्डरचं काम महिनाभर पुढे गेलं, पण बिगाऱ्याची चूल त्याच दिवशी थंड. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मजुरांना निर्वाह भत्ता द्यायला लावला. दिल्ली सरकारने २ हजार रुपये देऊन थांबायचं ठरवलं होतं, न्यायालयाने पूर्ण ८ हजार द्या म्हणून बजावलं. म्हणजे हवेसाठी काम बंद केलं, तर ज्याचं काम गेलं त्याला पैसे देणं ही कुणाची मेहेरबानी नाही.

पीओपीने आपल्याला काय शिकवलं?

पेणकरांना तर हे वेगळं सांगायलाच नको. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानंतर दरवर्षी काय झालं? यंदा लागू, यंदा सूट, पुन्हा न्यायालय, पुन्हा संभ्रम. जानेवारी २०२५ मध्ये कडक अंमलबजावणीचा आदेश आला आणि ९ जूनला मूर्ती बनवायला परवानगी मिळाली, फक्त नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मनाई. जून म्हणजे गणपतीला दोन-अडीच महिने! हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात काम वर्षभर चालतं. कारखानदाराने कर्ज उचललेलं, माल भरलेला आणि रंगकाम करणाऱ्या बायकांना सांगता येत नाही की या वर्षी काम आहे की नाही.

नदी-समुद्र स्वच्छ राहावा हे कुणाला नकोय? पण पाच वर्षांत तारीख ठरली नाही आणि शाडूकडे वळणाऱ्याला सांगण्यासारखी मदत झाली नाही. त्यामुळे पाण्याचाही फायदा झाला नाही आणि कारागिराचाही. याच मूर्ती मुंबईला पोचवणारे टेम्पोवाले आता वाहनांच्या नियमांच्या रांगेत उभे आहेत. तीच चूक पुन्हा नको.

उलट, तारीख आधी कळली तर काय होतं ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने दाखवलं. २००८ मध्ये टॅक्सीला २५ वर्षांची वयोमर्यादा आली, २०१३ मध्ये ती २० वर्षं झाली. शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली. तिची मुदत कधी संपणार हे मालकाला दहा वर्षं आधी माहीत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती गेली तेव्हा लोक हळहळले, फोटो काढले, पण दंगा झाला नाही. त्याच्या उलट १ जुलै २०२५ ला दिल्लीत जुन्या गाड्यांना पंपावर पेट्रोल-डिझेल देणं बंद केलं आणि काही दिवसांतच निर्णय स्थगित करावा लागला. तयारी नव्हती.

ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही

सगळ्या योजना परवानाधारकाच्या नावाने निघतात. पण आपल्याकडे गाडी मालक एक आणि चालवणारा दुसरा, हे किती ठिकाणी आहे बघा. रोज मालकाला ठरलेले पैसे द्यायचे, डिझेल स्वतः टाकायचं आणि वर उरेल ते घरी न्यायचं. गाडी भंगारात गेली तर पैसे मालकाला, सूट मालकाला. हा माणूस दुसऱ्या दिवशी कुठे जाणार?

टेम्पोवरचा क्लीनर, माल चढवणारे हमाल, यांचंही तेच. आणि गॅरेजचे मेस्त्री? डिझेल पंप आणि नोझल खोलून बसवण्यात ज्याची वीस वर्षं गेली, त्याच्यासमोर बॅटरीची गाडी उभी केली तर तो काय करणार? त्याला शिकवलं पाहिजे. पेणला आणि रोह्याला आयटीआयचं शिक्षण आपल्याला नवं नाही. संध्याकाळचे वर्ग लावून, काम करणाऱ्या मेस्त्रींना विजेच्या गाडीचं काम शिकवणं ही काही अवघड गोष्ट नाही. इच्छा पाहिजे.

आणि प्रवासी. सकाळी पेणच्या बाजारात भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या कातकरी, ठाकूर बायका एसटीत पाट्या कशा चढवणार? धाटावच्या कारखान्यात रात्रपाळी संपवून निघणारा कंत्राटी कामगार कशाने घरी जातो? खेड्यातून कॉलेजला येणारी पोरं? एक मिनीडोर बंद होते तेव्हा एका घराचं उत्पन्न जातं आणि कित्येक घरांची वाट बंद होते. ती जागा एसटी भरून काढणार असेल तर आधी फेऱ्या सुरू होऊ देत, मग मिनीडोर बंद करा.

मोठ्यांचं काय?

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. "गरीब ड्रायव्हर" हे नाव पुढे करून काही मोठे लोक मागे लपतात. ज्याच्या दहा-वीस गाड्या आहेत, कंपनीचं कंत्राट आहे, तो आणि एक मिनीडोरवाला एका तराजूत कसे बसतील? डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, धाटाव एमआयडीसी, यांच्याकडे ये-जा करणारे ट्रेलर, टँकर, डंपर रोज आपल्या रस्त्यावर असतात. नियमाची सुरुवात तिथून करा. ज्याच्या मालाची वाहतूक होते त्या कंपनीलाच अट घाला, की अमुक तारखेनंतर तुमच्या गेटच्या आत फक्त स्वच्छ गाडी येईल आणि त्यासाठीचा जादा खर्च तुम्ही भाड्यात द्याल. नाहीतर कंपनी अट घालते आणि भाडं मात्र जुनंच ठेवते, खर्च शेवटी ड्रायव्हरच्या पगारातून निघतो.

सरकारी गाड्यांचा नियम आहेच, १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३ पासून बाद. ठेकेदारांच्या गाड्यांनाही तोच लावा.

आणि रस्ता? मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर काम २०११ मध्ये सुरू झालं. इतकी वर्षं धूळ आपण खाल्ली. कोंडीत तासभर इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या गाडीचा धूर कुणाच्या खात्यावर लिहायचा? ड्रायव्हरच्या? त्याचं तर डिझेलही गेलं आणि फेरीही बुडाली. नागोठणे, कोलाडची कोंडी सुटली तरी हवेत फरक पडेल, आणि त्यासाठी एकाही माणसाचा रोजगार जाणार नाही.

कामगार न हलवता धूर कमी करता येतो याचंही उदाहरण आपल्या रोहा तालुक्यातच आहे. कोलाडहून कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहे. भरलेला ट्रक रेल्वेवर चढतो आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतो. ड्रायव्हर सोबतच असतो, त्याची नोकरी जात नाही, झोप मिळते, डिझेल वाचतं, घाटातला धूर वाचतो. अशा गोष्टी वाढवा ना! पंचवीस वर्षांहून जुनी कल्पना आपल्या अंगणात आहे.

मग करायचं काय?

नुसती तक्रार नको, म्हणून मागण्या मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

१. गाडी बंद करायची तारीख किमान पाच वर्षं आधी लेखी जाहीर करा आणि मग ती बदलू नका. ना पुढे, ना मागे.

२. आधी पर्याय, मग बंदी. एकच गाडी असलेल्या आणि ती स्वतः चालवणाऱ्याला नवी गाडी घ्यायला कमी व्याजाचं, सरकारी हमीचं कर्ज द्या. पन्नाशी-साठीतल्या चालकाला कर्ज झेपत नसेल तर माथेरानसारखी भाड्याने गाडी द्या. रोहा-धाटाव, रोहा-कोलाड, पेण-वडखळ असे छोटे मार्ग विजेच्या गाडीच्या सुरुवातीला सोयीचे आहेत.

३. जो प्रत्यक्ष गाडी चालवतो त्याची नोंद करा. राज्याने आनंद दिघे यांच्या नावाने रिक्षा-टॅक्सी चालकांचं कल्याणकारी मंडळ काढलंय. त्याची नोंदणी पेणला, रोह्याला स्टँडवर येऊन करा आणि मिनीडोर, टेम्पो चालवणारे, भाड्याने गाडी चालवणारे, सगळे त्यात घ्या. गाडी बंद झाली तर बंद काळातला निर्वाह भत्ता त्याच यादीवरून द्या.

४. नुसतं वय बघू नका, धूर बघा. नीट ठेवलेली गाडी आणि तेल जाळणारी गाडी यांत फरक करा. त्यासाठी पीयूसी खरी झाली पाहिजे. गाडी न बघता मिळणारं पीयूसी कुठे मिळतं, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत नाही? तिथे कारवाई करा. तपासणीत नापास झालेल्याला दंडाआधी दुरुस्तीसाठी ठरावीक दिवस द्या.

५. सीएनजी वापरा म्हणायचं तर पंप द्या. रांगेत दोन तास गेले की दोन फेऱ्या गेल्या. १६ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत गॅसवाहिनीला इजा झाली आणि दोन दिवस रिक्षा-टॅक्सी उभ्या राहिल्या. ज्यांनी नियम पाळून सीएनजी घेतला, त्यांचीच रोजी बुडाली. अशा दिवसाची भरपाई ठरवून ठेवा.

६. पेण आणि रोह्याला एकच नियम, एकच मदत. हद्दीच्या आत बंदी आणि बाहेर मोकळीक ठेवली तर पेणच्या जुन्या गाड्या स्वस्तात रोह्याला, माणगावला, महाडला विकल्या जातील. धूर जाणार नाही, फक्त पत्ता बदलेल. आणि मदतही हद्दीतच मिळाली तर नागोठण्याचा ड्रायव्हर पेणच्या रस्त्यावर यायचा बंद होईल, पदरात मात्र काहीच नाही.

७. निर्णय घेताना चालकांना बोलवा. समितीत तज्ज्ञ असावेतच. पण वडखळ नाक्यावर पंचवीस वर्षं नंबर लावणाऱ्याला या मार्गावर कुठली गाडी चालेल हे जेवढं कळतं, तेवढं मंत्रालयातल्या नकाशावरून कळत नाही.

काहीजण विचारतील, एवढा पैसा आणणार कुठून? रास्त प्रश्न आहे. जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर आपण भरतोच. फिटनेसचे वाढीव दर, दंड, सगळं हवेच्या नावाने जमा होतं. मग तो पैसा हवेसाठीच, म्हणजे गाड्या बदलण्यासाठीच वापरा, आणि त्याचा हिशेब जिल्ह्यानुसार दरवर्षी जाहीर करा. ज्याच्या खिशातून आला, त्याच्या गाडीसाठी गेला, तर कुणी कुरकुर करणार नाही.

आणखी काहीजण म्हणतील, पाच वर्षं म्हणजे फार झाली, तोपर्यंत आमच्या पोरांनी धूर खायचा का? त्यांचंही बरोबर आहे. म्हणूनच सुरुवात आज करा, पण मोठ्यांपासून. कंपन्यांचे ट्रेलर, ठेकेदारांचे डंपर, खोटं पीयूसी, महामार्गाची कोंडी आणि धूळ. यासाठी पाच वर्षं थांबायची गरज नाही. शेवटी उरलेल्या एका मिनीडोरवाल्याला पाच वर्षं दिली म्हणून हवा बिघडणार नाही.

चालक बंधूंनाही एक सांगतो, रागावू नका. "आमच्या गाडीला हात लावायचा नाही" एवढंच म्हणत राहिलो तर लोक आपल्या बाजूने राहणार नाहीत. मागे बसलेल्या बाईच्या कडेवरचं पोर खोकतंय, ते तिला दिसतंय. आपणच पुढे होऊन म्हणूया, की गाडी बदलायला तयार आहोत, रस्ता दाखवा. मग उत्तर देण्याची पाळी सरकारची.

पेण आणि रोह्याच्या नगरसेवकांना, पंचायत समितीच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रतिनिधींना, आमदार-खासदारांना ही पोस्ट जरूर दाखवा. मतं मागायला स्टँडवर येतात, तेव्हा त्या मामांचा प्रश्न विचारा: "काढून करायचं काय?" लेखी उत्तर मागा.

मिनीडोर, रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्या कुणाला आपला अनुभव सांगायचा असेल, हप्त्याचा, पासिंगचा, सीएनजीच्या रांगेचा, तर खाली लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोरांना सांगा, ती लिहितील. पटलं तर शेअर करा, पटलं नाही तर कुठे चुकलं ते सांगा. सगळं एकत्र करून आपण निवेदन देऊ.